वाचकांचे प्रश्न : पाणी तारेतूनही जातं

गेल्या महिन्यात घरच्या पाणी मीटरबद्दल उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं की मोबाईलवरच्या एआयलाही पाणी लागतं. त्या एका वाक्यावर खानापूरपासून अथणीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ठेवतो आणि या वेळचं सदर याच विषयाला देतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी मेंटेनन्सला होतो. भट्टी गार ठेवणारं पाणी हेच माझं काम होतं, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं मनापासून द्यावीशी वाटतात.

काका, मी जांबोटीकडच्या गावातून खानापूरला कॉलेजला येते. शाळा मराठीत झाली, आता सगळं इंग्रजीत आणि थोडं कन्नडमध्ये. न कळलेलं मी एआयला विचारते. वर्गातली मैत्रीण म्हणाली, एका प्रश्नाला अर्धा लिटर पाणी जातं. आमच्याकडे मे महिन्यात आई लांबून घागरी आणते. मला आता विचारायचीच लाज वाटते. बंद करू का?

बंद करू नकोस. आधी तो अर्धा लिटर कुठून आला ते सांगतो.

2023 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांनी एक अंदाज मांडला. त्या वेळच्या जीपीटी-3 या एआय मॉडेलची मध्यम लांबीची 10 ते 50 उत्तरं मिळून अर्धा लिटर पाणी जातं, असा तो होता. एआयची कॉम्प्युटरं जिथं असतात आणि पाण्यानं गार ठेवली जातात ते डेटा सेंटर कुठं आहे आणि दिवसाची वेळ कोणती, यावर आकडा बदलतो, हेही त्यांनी सांगितलं होतं. एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना '10 ते 50' गळून पडलं आणि 'एका प्रश्नाला अर्धा लिटर' तेवढं राहिलं. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये गूगलनं आपला हिशेब जाहीर केला. त्यांच्या जेमिनी या एआयला लिहून विचारलेल्या साधारण प्रश्नामागे 0.26 मिलिलिटर, म्हणजे पाचेक थेंब.

कुठं पाचेक थेंब आणि कुठं 10 ते 50 मिलिलिटर? मधल्या काळात यंत्रं आणि मॉडेलं सुधारली, हे एक कारण. दुसरं कारण मोजणीचं आहे. रिव्हरसाइडवाल्यांनी वीज तयार करताना जाणारं पाणीही धरलं होतं. गूगलनं फक्त आपल्या इमारतीतलं धरलं. शिवाय तो आकडा लिहून विचारलेल्या साध्या प्रश्नाचा आहे. लांबलचक कागदपत्रं वाचायला लावली किंवा व्हिडिओ करून घेतला, तर वीज कितीतरी जास्त लागते आणि तिच्यामागून पाणीही.

तू दिवसाला वीस प्रश्न विचारलेस आणि सगळ्यात चढा हिशेब धरला, तरी एक लिटर होतं. तुझ्या आईची एक खेपही त्यामुळे वाढलेली नाही. मलप्रभा तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, त्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, तरी मे महिन्यात वाड्या-वस्त्यांवर घागरी रिकाम्या असतात, कारण उतारावरून पाणी वाहून जातं आणि साठवण कमी आहे. तो प्रश्न एआयच्या आधीचा आहे. तो तू विसरली नाहीस याचं मला फार बरं वाटलं. शिक, मन लावून शिक. लाज वाटून घ्यायची तर ज्यांनी पाण्याचे आकडे दडवले त्यांनी घ्यावी. त्यांच्याबद्दल खाली येतंच आहे.

मी उद्यमबागेत छोटं फर्नेस चालवतो. आमचं पाणी फिरून फिरून तेच वापरात येतं. मग या मोठ्या कंपन्यांना रोज नवीन पाणी कशाला लागतं ओ? आमच्यासारखं फिरवत का नाहीत?

फिरवतातच. आणि तुमचंही सगळं फिरून परत येत नाही. कूलिंग टॉवरच्या मेकअप लाईनवर, म्हणजे नवीन पाणी भरायच्या पाइपवर, मीटर बसवून बघा, म्हणजे दिसेल.

इतर वाचकांसाठी थोडं उलगडून सांगतो. भट्टीची कॉइल असो की कॉम्प्युटरची चिप, आत शिरलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती पाण्यानं बाहेर काढायची आणि टॉवरवर ते पाणी वाऱ्यात शिंपडायचं. त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. एक युनिट विजेची उष्णता अशी घालवायला साधारण दीड लिटर पाणी उडावं लागतं. हा निसर्गाचाच हिशेब आहे, कोणत्याही कंपनीला तो चुकत नाही.

पाणी उडालं की क्षार मागं राहतात. मे महिन्यात बोअरचं पाणी जड झालं की कॉइलवर खपली कशी धरते, हे तुम्ही रोज बघता. म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, वाढला की टॉवरमधलं थोडं पाणी सोडून द्यावं लागतं, ते आपलं ब्लोडाउन. उडालेलं आणि सोडलेलं मिळून जेवढं होतं, तेवढं नवीन भरावं लागतं.

आता मोठा हिशेब करू. 10 मेगावॅटचं डेटा सेंटर घ्या. आजच्या मानानं ते लहानच. सगळी उष्णता पाणी उडवूनच घालवायची म्हटली, तर तासाला 15 हजार लिटर, दिवसाला 3 लाख 60 हजार लिटर उडेल. ब्लोडाउन धरून साडेचार लाखाच्या आसपास. दहा हजार लिटरचे 45 टँकर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटरचा निकष आहे, त्या मापानं हे आठ हजारांवर माणसांचं पाणी होतं. पावसाळ्यात आणि थंडीत गरज बरीच कमी होते, हे खरं. पण पाणी लागतं सगळ्यात जास्त ते एप्रिल-मे मध्ये, आणि तेव्हाच आपल्या विहिरींनी तळ गाठलेला असतो.

पाणी न उडवता गार करता येतं का? येतं. बंद पाइपांतून तेच पाणी चिपपर्यंत न्यायचं आणि बाहेर पंख्यांनी किंवा चिलरनं, म्हणजे फ्रिजसारख्या यंत्रानं, गार करायचं. मायक्रोसॉफ्टनं 2024 पासून आपल्या नव्या केंद्रांचा आराखडा असा केल्याचं जाहीर केलंय. वीज मात्र जास्त लागते. आणि वीज कुठून येते, हे विचारल्याशिवाय पाणी वाचलं असं म्हणता येत नाही. पुढचं पत्र त्यावरच आहे.

मी अथणी तालुक्यात शिक्षिका आहे. ही सगळी केंद्रं बेंगळूरला, मुंबईला, अमेरिकेला. आपल्या पाण्याचा त्यांच्याशी संबंध काय? आपण उगाच काळजी करतोय का?

ताई, संबंध आहे आणि तो तुमच्या तालुक्यातूनच वाहतो.

कृष्णा तुमच्या बाजूनं पुढे जाते. आमच्या हिडकल धरणाची घटप्रभा तिला बागलकोट जिल्ह्यात मिळते. दोघींचं पाणी अलमट्टीच्या धरणात साठतं. विजापूर जिल्ह्यात कुडगी इथं एनटीपीसीचं 2400 मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे, ते पाणी घेतं अलमट्टीच्या साठ्यातून. कोळशाच्या केंद्रातही वाफ गार करावी लागते आणि तिथंही टॉवरच असतात. केंद्र सरकारच्या 2015 च्या अधिसूचनेनं अशा जुन्या केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली, नंतरच्या नव्या केंद्रांना आता तीन लिटरची आहे. म्हणजे डेटा सेंटरमध्ये एका युनिटमागे दीड लिटर उडत असेल, तर तेच युनिट कोळशातून तयार करताना त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी आधीच गेलेलं असतं.

कुडगीची वीज कर्नाटकाच्या ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्यात, येते. ग्रिडमध्ये कोणती वीज कुठं गेली असं बोट ठेवून दाखवता येत नाही, पण बेंगळूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये विजेची मागणी वाढली की तिचा काही भाग कृष्णा-घटप्रभेच्या पाण्यावर पडतो, एवढं नक्की. आपल्याकडे पाण्याचं भांडण म्हटलं की कालवा आणि धरण डोळ्यांपुढे येतं. कळसा-भांडुरा, म्हादई, कोयनेतून सोडायचं पाणी. तारेतून जाणाऱ्या पाण्यावर कुणी लवाद नेमत नाही.

किती मोठी गोष्ट आहे ही? अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचा 2024 चा अहवाल बघा. 2023 मध्ये तिथल्या सगळ्या डेटा सेंटरांनी गार ठेवण्यासाठी थेट वापरलेलं पाणी सुमारे 6600 कोटी लिटर. आपल्या भाषेत 2.3 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यांना लागलेली वीज तयार करताना गेलेलं पाणी मात्र 28 टीएमसीच्या घरात. हिडकलची पूर्ण क्षमता 51 टीएमसी आहे, तिच्या निम्म्याहून जास्त. हे सगळं एआयचंच नव्हे, त्यात बँका, सिनेमे, फोटो, ईमेल सगळं आलं. पण आज भर पडतेय ती मुख्यतः एआयची.

म्हणून 'आमचं केंद्र शून्य पाणी वापरतं' अशी जाहिरात वाचलीत की मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवा : वीज कशाची? सौर आणि पवनचक्कीच्या विजेला पाणी फारच थोडं लागतं. पॅनेल धुण्यापुरतं, बस्स. सौदत्तीच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या आपण बघतोच. रात्री आणि वारा पडल्यावर काय करायचं हा प्रश्न उरतो, तो सोपा नाही. पण विजेचा स्रोत बदलला की पाण्याचा हिशेब मुळापासून बदलतो, आणि ही त्यातल्या त्यात आशेची बाजू मला वाटते.

मी चिकोडी तालुक्यातला ऊस शेतकरी. आमचा ऊस पाणी पितो म्हणून इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता एआय पाणी पितं म्हणतात. खरं सांगा, जास्त कोण पितो?

ऊस. खरं सांगा म्हणालात म्हणून आडपडदा ठेवत नाही.

एका एकरातल्या उसाला हंगामभर, पावसासकट, दोन हजार मिलिमीटर धरलं तर ऐंशी लाख लिटर होतात. ठिबकवर कमी. गूगलच्या डेटा सेंटरांनी 2023 मध्ये जगभरात वापरलेलं पाणी सुमारे 2300 कोटी लिटर होतं, एक टीएमसीला थोडं कमीच. तुमच्या उसाच्या मापानं 2800 एकर. आणि बेळगाव जिल्ह्यात ऊस लाखो एकरांवर आहे. तेव्हा एआयकडे बोट दाखवून उसाची सुटका होत नाही. ठिबक वाढवायलाच हवं आणि पाटपाण्यानं जमिनी खारवटणं थांबायलाच हवं.

पण टीएमसीची तुलना इथंच थांबवावी लागते. उसाचं पाणी हजारो शिवारांत पसरलेलं असतं आणि त्यावर घरं चालतात. डेटा सेंटर एका जागी, एका पाइपातून, बहुतेक वेळा शहराच्या पिण्याच्या पाण्यातून ओढतं. देशाच्या हिशेबात नगण्य दिसणारा आकडा एका गावाच्या हिशेबात डोंगराएवढा होतो. येडूर-कल्लोळच्या बाजूला तुम्ही बघताच. 2019 च्या ऑगस्टमध्ये हीच कृष्णा आणि दूधगंगा गावांत घुसली होती. आणि उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की कर्नाटक सरकार महाराष्ट्राला कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून पत्र लिहितं. वर्षाची सरासरी काढली तर कृष्णा भरून वाहते. सरासरीनं जनावरांना पाणी पाजता येत नाही. म्हणून कुणीही पाण्याचा वार्षिक आकडा दाखवला की मी एप्रिल-मेचा वेगळा मागतो, उसाचाही आणि डेटा सेंटरचाही.

बेळगावला चांगली हवा आहे, जागा आहे, इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. इथं डेटा सेंटर आलं तर पोरांना पुण्या-बेंगळूरला जावं लागणार नाही. तुमच्यासारख्या माणसांनी भीती घालू नये असं मला वाटतं. – टिळकवाडीतला एक तरुण वाचक

तुझा राग मला समजतो. उद्यमबागेतल्या कितीतरी घरांतली हुशार मुलं बाहेर गेली, आणि सणाला तेवढी येतात. इथं काम यावं असं मलाही मनापासून वाटतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, वर्षातले बरेच महिने बाहेरच्या हवेवरच यंत्रं गार ठेवता येतील, हा तुझा मुद्दा अगदी बरोबर आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात घे. डेटा सेंटर बांधताना माणसं खूप लागतात, चालवायला फार थोडी. तेवढ्याच विजेवर चालणाऱ्या फौंड्र्या आणि मशीन शॉप त्याहून कितीतरी जास्त हातांना काम देतात. त्यामुळे जागा, वीज आणि पाणी सवलतीत द्यायचं असेल तर बदल्यात किती कायमच्या नोकऱ्या, हे लेखी घ्यायला हवं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या आकड्याची. अमेरिकेत ऑरेगनमध्ये कोलंबिया नदीकाठी द डॅलस नावाचं छोटं शहर आहे. तिथं गूगलची डेटा सेंटरं आहेत. ती किती पाणी घेतात, असं 'द ऑरेगोनियन' या वर्तमानपत्रानं विचारलं. शहरानं आकडा द्यायला नकार दिला आणि व्यापारी गुपित म्हणत कोर्टात गेलं. वर्षभराच्या भांडणानंतर, डिसेंबर 2022 मध्ये तडजोड होऊन आकडे बाहेर आले. 2021 मध्ये शहराच्या एकूण पाण्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग एका कंपनीनं वापरला होता, सुमारे 134 कोटी लिटर. लोकांना हे आधी कळलं असतं तर त्यांनी विरोधच केला असता असं मी म्हणत नाही. पण आपल्या नळाचं पाणी हे गुपित कसं होऊ शकतं? या गोष्टीनं मला फार अस्वस्थ केलं.

इथं तसं होऊ नये. राकसकोप आणि हिडकल या दोन्ही धरणांवर आपलं शहर जगतं. हिडकलचं पाणी धारवाडच्या उद्योगांकडे न्यायच्या योजनेवरून इथं लोक रस्त्यावर उतरले, हे तुला माहीत असेल. बेंगळूरला 2024 च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार दंड लावायची वेळ आली. अशा प्रदेशात डेटा सेंटरनं पिण्याचं पाणी मागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला सांडपाणी द्या. चेन्नईनं कोयंबेडू आणि कोडुंगैयूर इथं शहराचं सांडपाणी आरओपर्यंत शुद्ध करून कारखान्यांना विकायला सुरुवात केली, त्यालाही काही वर्षं झाली. आपल्याकडे बळ्ळारी नाला शहराची घाण घेऊन शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशिवारात शिरतो. ज्या मातीत बासमतीचा वास येतो तिथं हे काळं पाणी तुंबतं. ते उचलून, शुद्ध करून कुणी टॉवरला वापरणार असेल, तर शेतकरीच त्याचं स्वागत करतील. अट एकच, त्या केंद्राचं ब्लोडाउन परत त्याच नाल्यात सोडायचं नाही. क्षारांनी भरलेलं असतं ते, आणि त्यात गंज न धरण्यासाठी, शेवाळ न येण्यासाठी घातलेली औषधंही असतात. भाताच्या रोपाला ते चालत नाही.

असं केंद्र आलं आणि त्यात तू कामाला लागलास, तर मला आनंदच होईल. कूलिंगचं काम शिक. तिथं चांगल्या माणसांची गरज पुढची बरीच वर्षं राहील.

आमच्या गावाजवळ कोणताही मोठा कारखाना किंवा केंद्र येणार असेल, तर त्याला किती पाणी मंजूर झालंय हे साध्या माणसाला कळू शकतं का? – ग्रामपंचायत सदस्य, बेळगाव तालुका

कळू शकतं. मोठ्या प्रकल्पाला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते, उभारण्याआधी एक आणि चालवण्याआधी दुसरी. त्या संमतीपत्रात रोज किती पाणी वापरायचं, किती सांडपाणी सोडायचं आणि कुठं, हे लिहिलेलं असतं. बोअर मारून पाणी घेणार असतील तर भूजल खात्याची परवानगी वेगळी. धरणाचं किंवा नदीचं पाणी असेल तर पाटबंधारे खात्याचा आदेश असतो.

माहितीच्या अधिकारात त्या त्या खात्याकडे दहा रुपये भरून या प्रती मागा. अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करता येतो. मराठीत लिहिलेला परत आला म्हणून काही जण तिथंच सोडून देतात, तसं करू नका. गावातल्या कन्नड शिकलेल्या मुलाकडून लिहून घ्या. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, नाही आलं तर पहिलं अपील करा. 'पाण्याबद्दल माहिती द्या' असं मोघम लिहू नका. संमतीपत्राची प्रत, पाण्याचा स्रोत, दररोजची कमाल मर्यादा, आणि प्रकल्प चालू असेल तर मागच्या एप्रिल व मे महिन्यांचं मीटर रीडिंग, असं नेमकं मागा.

प्रती हातात आल्या की ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा. कुणाला आकड्यांचा अर्थ लावायला अडचण आली तर कागद या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी बघून कळवतो.